'पेगन देव' म्हणजे 'मूर्तिपूजक देव'?

रामबागची वाचक
इंदूरच्या आमच्या वाचनगटात दर महिन्याला एकीने आपल्या आवडीच्या पुस्तकांबद्दल मराठीत लिहून आणायचं असा नेम आहे. या खेपेला पाळी माझ्या भाचीची. गेलं वर्षभर ती इंग्रजीत एकाच जातीच्या कादंबऱ्या वाचते आहे. मुलगी माणसाची आणि प्रियकर माणूस नसलेला: कधी पाताळाचा राजा, कधी परीलोकातला सरदार, कधी उत्तरेकडच्या बर्फातला कुणी देव. त्या नादाने मूळ ग्रीक आणि नॉर्स (उत्तर युरोपातल्या) कथांची पुस्तकंही आणली. हेडीसने पर्सेफनीला पळवून नेलं, तिने तिथे डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून तिला दर वर्षी काही महिने पाताळात परतावं लागतं, हे सगळं तिला तोंडपाठ. बोलते छान, पण मराठी लिहायला बसली की हिंदी उतरतं, म्हणून लेखणी माझ्या हातात आली.

एका वाक्यात 'पेगन गॉड्स' आलं, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरचे, जुन्या धर्मांतले देव. मी 'मूर्तिपूजक देव' लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं, मूर्तिपूजक आपण. देव कशाला कुणाची मूर्ती पुजतील?" तिथे जी अडले ती अडलेच. या जातीच्या कादंबऱ्यांना म्हणतात त्या 'सुपरनॅचरल रोमान्स'लाही धड शब्द मिळत नाही. सुचवा.

शब्दवेडा
आईंचं शंभर टक्के बरोबर. आणि माणसांच्या बाबतीतही तो शब्द खरा नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांविषयी लिहिलं आहे, की हे लोक देवांना भिंतींत कोंडत नाहीत, त्यांना माणसाचा चेहरा देत नाहीत, राया पवित्र मानतात. म्हणजे आपली देवराईच. 'अनेकदेवतापूजक' लिहा.

लष्करकर, ग्वाल्हेर
मग आईंची हरकत तशीच उभी राहिली की! देव अनेकदेवतापूजक कसे?
आणि टॅसिटसवर सगळा भार टाकू नका. अकराव्या शतकात जर्मन पाद्री असलेल्या ब्रेमेनच्या अ‍ॅडमने स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाचं वर्णन केलं आहे. त्यात तीन देवांच्या मूर्ती आहेत, मध्ये मेघगर्जनेचा देव थॉर. हजार वर्षांत लोक बदलतात. माझं मत: 'ख्रिस्तपूर्व देव'.

शब्दवेडा
'ख्रिस्तपूर्व' म्हटलं की मराठी वाचकाला सन दिसतो, धर्म दिसत नाही. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला इ.स. 1000 च्या सुमारास, लिथुएनियाने 1387 मध्ये. तेराव्या शतकातला लिथुएनियन देव ख्रिस्तपूर्व कसा? आणि आइसलँडमध्ये त्या जुन्या देवांना मानणाऱ्या मंडळाला 1973 मध्ये सरकारी मान्यता मिळाली. ते तर आजचे लोक आहेत.

पागेतला
मी इंदूरच्या पागनीस पागेत वाढलो, म्हणून विचारतो. 'पेगन' आणि आपली 'पागा' एकच तर नाहीत? पागा शहराबाहेर असायची, घोडेवाले लोक, गावकुसाबाहेरचे त्यांचे देव. लहानपणापासून मला असं वाटत आलंय.

लष्करकर, ग्वाल्हेर
नाही हो. पागा फारसी 'पायगाह'वरून आली. सरदारांच्या पागा आम्हीही पाहिल्या आहेत. 'पेगन' लॅटिन 'पागानुस'वरून. 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख, 'पागानुस' म्हणजे खेडूत. रोमन शिपाई शिपाई नसलेल्या माणसालाही तेच म्हणत. पुढे चौथ्या शतकात ख्रिस्ती लोकांनी जुन्या देवांना धरून राहिलेल्यांसाठी तो शब्द उचलला.

पागेतला
म्हणजे गावाशी नातं आहेच. मग 'गावदेव' का नको?

मांडवीकर, वडोदरा
गावदेव आपल्या वेशीवर बसलेला असतो, त्याला नारळ फुटतो. ऑलिंपस पर्वतावरच्या झ्यूसला, ग्रीकांच्या देवांच्या राजाला, गावदेव म्हणणं दोघांवरही अन्याय आहे.
शब्द घडवायला मी भीत नाही. सयाजीरावांच्या राज्यात 1931 साली 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला, कारभाराच्या शब्दांसाठी, आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडून. सरकारी कागदासाठी असा घडवलेला शब्द चालतो, कारण तो वापरायचा हुकूम असतो. कथेतला शब्द हुकमाने चालत नाही. 'पेगन' तसाच ठेवा. टेबल ठेवलं, पेन ठेवलं, हाही ठेवा.

शब्दवेडा
असं ठेवत ठेवतच इंदूरच्या घरांतून अर्धी मराठी गेली. आमच्याकडे मुलं 'कादंबरी' म्हणत नाहीत, 'उपन्यास' म्हणतात. ऐकवत नाही मला.

भाची
मावशीच्या नावाने आले आहे. 'उपन्यास' मीही म्हणते, शाळेत तेच शिकले. 'कादंबरी' आणि 'उपन्यास'मध्ये फरक काय आहे? मावशी म्हणते एकच. मग मराठीत वेगळा शब्द का?

उज्जैनवाले काका
बेटा, तुझ्या प्रश्नासाठीच लिहायला बसलो. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. मराठीने आणि कन्नडने मात्र एका पुस्तकाचं नावच सगळ्या जातीला दिलं. ते पुस्तक बाणभट्टाचं, सातव्या शतकातलं, हर्षाच्या दरबारातलं. आणि त्यात काय आहे ठाऊक आहे? तुझ्या पुस्तकांत आहे तेच!

कादंबरी ही गंधर्वकन्या. तिचा प्रियकर चंद्रापीड आमच्या उज्जयिनीचा राजपुत्र, तुझ्या घरापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरचा. पण तो नुसता राजपुत्र नाही, शापाने खाली आलेला चंद्र आहे. मित्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून त्याचे प्राण जातात, पण देह कुजत नाही. कादंबरी तो देह सांभाळत बसते, तो पुन्हा उठेपर्यंत. अच्छोद सरोवराकाठी दुसरी गंधर्वकन्या, महाश्वेता, मेलेल्या प्रियकरासाठी तप करते आहे, आणि तो प्रियकर दोन जन्म पालटून विदिशेच्या राजापुढे पोपट होऊन बोलतो आहे. बाणाला ग्रंथ पुरा करता आला नाही, मुलाने केला.

तेव्हा 'सुपरनॅचरल रोमान्स'ला मराठीत काय म्हणावं, याचं माझं उत्तर 'कादंबरी'. बाकीच्या पुस्तकांनी हा शब्द नंतर घेतला. मी चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं आणि मुलांना हे सांगायचं राहून गेलं, याची खंत आहे.

भाची
ती त्याचं शरीर सांभाळून ठेवते? आणि तो खरंच उठतो? याचं मराठी भाषांतर कुठे मिळेल, काका?

लष्करकर, ग्वाल्हेर
काकांची गोष्ट सुंदर, पण आज 'कादंबरी' म्हटलं तर कुणाला गंधर्व आठवतो? शब्दाचा अर्थ जन्माने ठरत नाही, वापराने ठरतो. 'अद्भुतरम्य' घ्या. 1861 च्या 'मुक्तामाला'सारख्या कादंबऱ्यांना टीकाकारांनी हेच विशेषण लावलं.

शब्दवेडा
त्यात भूत-देव नसले तरी चालतं. 'अतिमानुष प्रेमकथा' नेमकं.

मांडवीकर, वडोदरा
'अतिमानुष' ऐकून एकही मुलगी ते पुस्तक उघडणार नाही. माझी आजी साताऱ्याची. तिच्या तोंडी शब्द होता 'लागीर'. बाईला काही बाहेरचं लागलं, की 'लागीर झालंय'. आणि कुणी कुणाच्या मागे वेडं झालं, तरी 'लागीर झालंय'. एका शब्दात भूतही आणि प्रेमही.

रामबागची वाचक
'लागीर' मला फार आवडला. पण लागीर झालं की देवऋषी बोलावतात, अंगारा लावतात. माझ्या आत्याला पंधराव्या वर्षी तसं झालं होतं. घरात कुणाला ते प्रेम वाटलं नाही, तिला खोलीत कोंडून ठेवलं होतं. भाचीच्या पुस्तकांतल्या मुली स्वतःहून त्या माणूस नसलेल्याचा हात धरतात. शब्द घेताना मला आत्या आठवणारच.

मांडवीकर, वडोदरा
ताई, हे माझ्या मनात आलं नव्हतं. तरी शब्द सोडवत नाही.

पागेतला
परी फारसीतून आली, हे तरी बरोबर ना? मग परीलोकातल्या त्या सरदाराला काय म्हणणार?

उज्जैनवाले काका
यक्ष म्हणा. यक्षिणीची मराठीत 'जखीण' झाली, अप्सरेची 'आसरा' झाली. ही मंडळी आपल्या विहिरींवर आणि डोहांवर केव्हाची राहतात.

शब्दवेडा
जखीण कजाग असते, काका. कालिदासाच्या यक्षिणीशी तिचं आता काही नातं उरलेलं नाही. तोच शब्द घसरत घसरत खाली आला.

लष्करकर, ग्वाल्हेर
घसरला असं का म्हणता? गावातल्या बायकांनी तो सांभाळला. पोथीत राहिला असता तर आज तुम्ही आणि काका दोघेच तो बोलत असता.

रामबागची वाचक
पेगनचं अजून राहिलंच आहे. तूर्त मी 'जुने देव' लिहिलं आहे. आई हो म्हणाली, भाची नाही म्हणाली. तिचं म्हणणं, पुस्तकात ते देव जुने नाहीत, अजून आहेत.

पागेतला
आसरा नेहमी साती आसराच ऐकल्या. नदीकाठी शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले असतात. एकटी आसरा कुणी ऐकली आहे का?

मांडवीकर, वडोदरा
आजी म्हणायची, एकीचं नाव घेतलं तर बाकी सहा रागावतात. म्हणून नेहमी सातींचं.