अवशेष मर्यादेत असूनही माल का अडतो?

प्रश्न :
ताज्या फळांच्या निर्यातीत मी नवखा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालानुसार कीडनाशकांचे अवशेष मर्यादेत होते, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रही (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) सोबत होते, तरीही कंटेनर परदेशी बंदरावर अडकला आणि कारण मिळाले ते पॅलेटच्या (खोकी रचायच्या चौकटीच्या) लाकडावर शिक्का नसल्याचे. फळ निर्दोष असताना लाकडावरून माल कसा अडतो? शिवाय एका देशात चालणारा अवशेष अहवाल दुसऱ्या देशात का चालत नाही?

उत्तर १ :
अवशेषांची मर्यादा खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी असते, तर लाकडाचा नियम आयात करणाऱ्या देशातील झाडे आणि पिके वाचवण्यासाठी; त्यामुळे एका तपासणीत उत्तीर्ण झालेला माल दुसरीत सहज नापास होतो. कच्च्या लाकडातून खोडकिडे प्रवास करतात. म्हणून आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साल काढलेले लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग किमान ३० मिनिटे तापवतात किंवा त्यावर दुसरी मान्य प्रक्रिया करतात आणि मग गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत व प्रक्रियेचा संकेत असलेला शिक्का मारतात. शिक्का नसेल, तर लाकूड तापवले होते हे तपासनिसाने कशावरून मानायचे?

उत्तर २ :
दुसऱ्या प्रश्नाचे मूळ १ जानेवारी १९९५ रोजी लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या एसपीएस करारात (अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्याच्या नियमांबाबतच्या) आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाची मानके आधार म्हणून मान्य असली, तरी शास्त्रीय कारण दाखवून त्याहून कडक नियम करण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. युरोपीय संघात एखाद्या कीडनाशक औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा धरतात. ते औषध तितके घातक असतेच असे नाही. पुष्कळदा ते पीक तिकडे होत नसल्याने मर्यादा ठरवून घेण्यासाठी कोणी अर्जच केलेला नसतो. म्हणून फवारणीचे वेळापत्रक काढणीच्या तोंडावर नव्हे, तर हंगामाआधीच खरेदीदार देश पाहून आखावे लागते.

उत्तर ३ :
सगळे नियम शास्त्रावरच उभे असतात, असे मात्र समजू नये. सफरचंदावरील फायर ब्लाइट रोगाचे कारण देत जपानने अमेरिकी सफरचंदांवर घातलेल्या अटींना पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही, असा निर्णय २००३ मध्ये याच संघटनेत झाला. पण अशी तक्रार फक्त सरकारांनाच करता येते आणि निकाल लागेपर्यंत नाशवंत माल थांबत नाही.
अहवालांमधील तफावतीला नमुना घेण्याची पद्धतही कारण असते. शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. ते दाणे एका नमुन्यात आले आणि दुसऱ्यात आले नाहीत, की एकाच मालाचे दोन निकाल निघतात.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पुढील खेपेला प्लॅस्टिकचे पॅलेट वापरले, तर शिक्क्याची गरज राहील का?

उत्तर १ :
नाही, तो नियम कच्च्या लाकडापुरता आहे. प्लायवूडलाही तो लागू नाही. फळासाठीचे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मात्र प्रत्येक खेपेला नव्याने घ्यावे लागेल.