मदत हवी आहे: आजोबांच्या फुल प्लेट कॅमेऱ्यासाठी फिल्म कुठून आणू?

माळ्यावरची (फोंडा)

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांचा स्टुडिओतला कॅमेरा सापडला. वागीश्वरी, केरळात आलेप्पीला बनलेला. लाकूड उत्तम, पितळेला थोडी हिरवी बुरशी. भात्याला तीन भोकं होती, ती काळी कापडी पट्टी लावून बुजवली. लेन्स स्वच्छ आहे. काळं कापड डोक्यावर घेऊन घासलेल्या काचेवर समोरची माडाची झाडं उलटी पाहिली आणि तासभर तिथून हललेच नाही.

अडलं ते फिल्मवर. कॅमेरा साडेसहा बाय साडेआठ इंचाचा, यालाच फुल प्लेट म्हणतात. दुकानदार म्हणतात चार बाय पाच किंवा आठ बाय दहा मागवून देऊ, तेही बाहेरून, आगाऊ पैसे घेऊन. आठ बाय दहाचं क्षेत्रफळ चार बाय पाचच्या चौपट, दरही जवळपास तसाच चढतो. वर ते कापून आमच्या मापाचं केलं की जवळजवळ तिसरा हिस्सा कचऱ्यात.

कुणीतरी सुचवलं की एक्स-रे फिल्म वापर. म्हणून एकाकडून डबा घेतला. ती निघाली ड्राय फिल्म, म्हणजे प्रिंटरमध्ये उष्णतेने चित्र उमटवणारी. चित्र उमटवणाऱ्या रसायनात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, नुसती पोहत राहिली. हसू नका.

चवथीला सगळं घर जमतं. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीखाली) सगळ्यांचा एक फोटो याच कॅमेऱ्याने काढायचा आहे. वाट दाखवा.

हायपोवाला (मडगाव)

ताई, हसलो, माफ करा. एक्स-रे विभागात तीस वर्षं डार्करूममध्ये काढली, त्यामुळे तेवढा हक्क आहे.

तुम्हाला हवी ती ओली फिल्म, हाताने डेव्हलप होणारी. शहरातली केंद्रं डिजिटल झाली, तिथे फिरून चपला झिजतील. जनावरांचे दवाखाने, तालुक्याच्या गावची छोटी केंद्रं आणि त्यांना माल पुरवणारी सर्जिकल दुकानं, इथे विचारा. पत्रादेवीच्या सीमेपलीकडे महाराष्ट्रात सावंतवाडी-कुडाळकडेही विचारायला हरकत नाही.

आता खरी गंमत. छातीच्या एक्स-रेचं मोठं माप १४ बाय १७. सतराचे दोन भाग केले की साडेआठ-साडेआठ. चौदातून साडेसहाच्या दोन पट्ट्या, वर एक इंच उरतो तो टेस्ट स्ट्रिपला, म्हणजे चाचणीच्या पट्टीला. एका शीटमधून चार फुल प्लेट! फक्त प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर कमी कापा, नाहीतर फिल्म धरायच्या होल्डरमध्ये अडकेल. कापाकापी लाल दिव्यात करा. अंबर दिवा नको, ग्रीन सेन्सिटिव्ह, म्हणजे हिरवा प्रकाश टिपणारी, फिल्म त्यात धुरकटते.

चिरेबंदी

काकांचं गणित झकास. पण एक सांगून ठेवतो, या फिल्मला लाल रंग दिसत नाही. आपला चिरा, म्हणजे लाल जांभा दगड, जवळपास काळा येणार, आकाश पांढरं फटक. माणसांच्या ओठांचंही तेच, कुंकू म्हणजे कपाळाला भोक पडल्यासारखं. माटोळीतल्या लाल फळांचंही तेच होईल. मला आवडतं, पण तुमच्या आत्याबाईंना विचारून घ्या.

या फिल्मला दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, असतं आणि ओलं झालं की ते लोण्यासारखं मऊ होतं. ट्रेच्या तळाला काच ठेवा, एका वेळी एकच शीट, नखं कापलेली. नळाचं पाणी आपल्याकडे सहज २८-२९ अंश असतं. बर्फाच्या पिशव्या बाजूला ठेवून २० पर्यंत आणा, नाहीतर काही कळायच्या आत निगेटिव्ह काळं. डेव्हलपर पातळ करा, कारण फिल्म मुळातच कडक कॉन्ट्रास्टची, काळं-पांढरं टोकाचं देणारी. प्रकाश मोजायचा मीटर आयएसओ ८० वर ठेवून सुरुवात करा, मग वरखाली.

ग्रेनभक्त

खरी फिल्मच हवी असेल तर इल्फर्ड ही फिल्म कंपनी वर्षातून एकदा अशा विचित्र मापांच्या ऑर्डरी घेते, त्यात फुल प्लेटही असते. कारखाना इंग्लंडात चेशायरला. गोव्यातल्या कुणाचं तिथल्याच स्विंडन शहरात कोणी नाही असं होत नाही, त्यांच्या पत्त्यावर मागवा. आणणाऱ्याला सांगा, डबा हातातल्या बॅगेत घे आणि हाताने तपासायची विनंती कर, मोठ्या बॅगेत नको. तिथल्या स्कॅनरने फिल्म धुरकटते.

महाग का, तर शीट फिल्मचा पाया रोलपेक्षा जाड, त्यामुळे कोटिंग वेगळं. गिऱ्हाईक मूठभर, त्यात चांदीचा भाव. एके काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' होती. ती बंद पडली आणि आपण परदेशी डब्यांवर आलो.

माळ्यावरची

सगळ्यांचे आभार. मावसभाऊ स्विंडनलाच आहे, ग्रेनभक्तांनी कसं ओळखलं! पण वर्षातून एकदा म्हणजे या चवथीला उपयोग नाही.

एक नवी अडचण. होल्डर काचेच्या प्लेटांचे आहेत, फिल्म आत लुळी पडते.

हायपोवाला

मापाची पातळ काच कापून घ्या आणि तिच्यावर चारही कडांना टेपने फिल्म चिकटवा. मात्र घासलेल्या काचेवर फोकस करताना जी जागा जुळते तिथेच फिल्म यायला हवी, म्हणून काचेची जाडी जुन्या प्लेटइतकीच ठेवा.

माळ्यावरची

अपडेट. सावंतवाडीकडे एका दुकानात जुना डबा मिळाला, मुदत उलटलेला, म्हणून स्वस्तात. पडवीत आजीला बसवलं, लेन्सचं छिद्र एफ ३२ वर, म्हणजे बारीक, लेन्सची टोपी काढून दोन सेकंद. भिंत काळी, कुंकू काळं, आजीची लाल चोळीही कोळशासारखी. डोळे मात्र असे आलेत की आत्या बघतच राहिली. मुदत गेल्याने थोडी धूसर छटा आहे, ओरखडा एकच, माझ्या नखाचा. चिरेबंदी, नखं कापली होती, शपथ.

आणखी तीन शीट उरल्यात, म्हणजे बारा प्लेटा. चवथीला त्यातल्या चार काढेन, बाकीच्या फ्रीजमध्ये, कढीपत्त्याच्या खाली.