डीमारची ती अकरा वर्षे वाया गेली का?

चर्चाप्रस्ताव

अमेरिकेच्या क्लॅरेन्स डीमारने बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली: १९११, १९२२, १९२३, १९२४, १९२७, १९२८ आणि १९३०. पहिल्या दोन विजयांमधली अकरा वर्षे मला सलतात. १९११ साली शर्यतीपूर्वी छातीला नळी (स्टेथोस्कोप) लावून डॉक्टरांनी हृदयात मर्मर (ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज) असल्याचे सांगितले आणि ही शर्यत शेवटचीच समजावी, असा सल्ला दिला. त्याच दिवशी तो २ तास २१ मिनिटे ३९ सेकंदांत, विक्रम करून जिंकला! पुढे १९१२च्या ऑलिंपिकमध्ये बारावा आल्यावर मात्र तो शर्यतींपासून जवळजवळ दूरच झाला. एका चुकीच्या निदानाने त्याची ऐन उमेदीची वर्षे खाल्ली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १

असहमत. सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे योग्य नाही. डीमार बॅप्टिस्ट होता, चर्चच्या रविवारच्या शाळेत (संडे स्कूल) धर्मशिक्षण देत असे, आणि जिंकण्यासाठी धावणे हा अहंकार तर नव्हे, हा प्रश्न त्याला मनापासून छळत होता. शिवाय तो छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार होता. कोरडा सदरा सोबत घेऊन कामावर धावत जाणाऱ्या माणसाचे धावणे सुटले होते असे कसे म्हणावे? १९१७ साली तो बोस्टनला तिसरा आलाच होता. आणि १९२२ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्याने २ तास १८ मिनिटे १० सेकंद अशी वेळ दिली, म्हणजे बाविसाव्या वर्षीपेक्षा साडेतीन मिनिटांनी कमी. (तेव्हाचे अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा कमी होते, पण दोन्ही वर्षांची तुलना त्याने बिघडत नाही.)

चर्चाप्रस्तावक

ही आकडेवारी माझीच बाजू भक्कम करते. तेहतिसाव्या वर्षी जो असा धावतो, तो पंचविशीत काय करता! पॅरिसला १९२४ साली, छत्तिसाव्या वर्षी, त्याला ऑलिंपिक कांस्य मिळाले. १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला तो नव्हताच.

प्रतिसाद २

पंचविशीत तो थकून संपलाही असता. त्या विसाव्यामुळेच एक्केचाळिसाव्या वर्षी तो सातव्यांदा जिंकू शकला, असे मला वाटते. १९५८ साली कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्या सामान्य माणसापेक्षा दोन-तीन पट रुंद आढळल्या. ती रुंदी आयुष्यभराच्या धावण्याची असावी.

चर्चाप्रस्तावक

निदान चुकले होते, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता? त्या काळी डॉक्टरांच्या हाती नळीशिवाय फारसे काही नव्हते, म्हणून त्यांना मी क्षमा करीन. अँटवर्पची हळहळ मात्र जात नाही.