मदत हवी आहे : बीकन चालू झालं की शेजारचा एफएम रेडिओ मुका होतो

हौशी रेडिओच्या २० मीटर बँडवर व्हिस्पर (डब्ल्यूएसपीआर, अगदी क्षीण सिग्नल कुठवर पोचतो ते बघायची पद्धत) बीकन, म्हणजे आपोआप सिग्नल पाठवणारा छोटा ट्रान्समीटर, लावलंय. लहर तयार करणारी एसआय५३५१ चिप, पुढे एक बीएस१७० ट्रान्झिस्टर, साधारण २०० मिलिवॅट, १४.०९७१ मेगाहर्ट्झ. गच्चीवर एंड-फेड (एका टोकाला जोडलेल्या तारेची) अँटेना. बीकन सुरू झालं की शेजारच्या आजींच्या रेडिओवर ९८.७ जवळचं स्टेशन १ मिनिट ५० सेकंद गप्प, मग पुन्हा सुरू. लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) आहे, तरी गळतंय कुठून? तूर्त बीकन बंद ठेवलंय.

प्रतिसाद १
बंद ठेवलंत ते उत्तम. १४.०९७१ ला ७ ने गुणा : ९८.६८. हा सातवा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेची सातपट. चौकोनी लहरीत तो मूळ लहरीच्या जेमतेम १७ डीबी खाली असतो. पण फिल्टर धड असेल तर तिथे काही उरायला नको. म्हणजे एक तर फिल्टर चुकलाय, नाही तर सिग्नल त्याला वळसा घालून जातोय.

आधी हे ठरवा. अँटेना काढून फिल्टरच्या पुढे १०० ओहमचे दोन अर्ध्या वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडा (हाच डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजीचा भार; वायरवाउंड नकोत). रेडिओ तरीही मुका झाला तर बोर्ड आणि यूएसबी केबलच अँटेना झालीय. धातूची डबी, ५ व्होल्ट आत येतात तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि केबलचे पाच-सहा वेढे फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिक) कड्यावर.

रेडिओ बोलू लागला तर फिल्टर उघडा. टी३७-६ (तार गुंडाळायचं छोटं कडं) अशा तीन कड्यांवर १६, १७, १६ वेढे. कपॅसिटर १८०, ३९०, ३९०, १८० पिकोफॅरड, सीओजी (तापमानाने न बदलणाऱ्या सिरॅमिक) जातीचेच. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. मोजताना बहुतेक इथेच चुकतात. इनपुट-आउटपुटच्या तारा शेजारी शेजारी नेऊ नका, फिल्टर असून नसल्यासारखा होतो.

प्रतिसाद २
फिल्टर बरोबर निघाला तर कोॲक्सकडे (अँटेनाला जाणारी कवचवाली केबल) बघा. एंड-फेडला काउंटरपॉइज (परतीच्या प्रवाहासाठीची जोडतार) नसेल तर कोॲक्सचं कवच ते काम करतं आणि घरातला सगळा गोंगाट बाहेर नेतं. साधारण १ मीटर तार काउंटरपॉइज म्हणून जोडा, आणि कोॲक्स घरात शिरते तिथे एफटी१४०-४३ या फेराइट कड्यावर आरजी-१७४ या बारीक कोॲक्सचे १० वेढे.

वारंवारताही तपासा. क्रिस्टल २० पीपीएम (दहा लाखांत २०) चुकला तरी इथे २८० हर्ट्झ सरकतो. व्हिस्परची खिडकी २०० हर्ट्झचीच. बाहेर गेलात तर कुणी डीकोड करणार नाही, वर दुसऱ्याच्या जागेत शिराल.

धागाकर्ता
डमी लोडवरही रेडिओ मुकाच. यूएसबी केबल काढून बॅटरी लावली, लगेच स्टेशन परतलं. आता डबी आणि फेराइट लावतो, मगच अँटेना.