प्रतिसाद : आधार हवाच, पण कशाच्या बदल्यात?

'गर्भपाताचा हक्क कुठल्याच करारात लिहिलेला नाही, त्यापेक्षा सरकारने आईला आधार द्यावा' असं वर म्हटलंय. पहिला भाग अक्षरशः घेतला तर जागतिक करारांपुरता खरा आहे. पण करार नुसते वाचले जात नाहीत, त्यांचा अर्थही लावला जातो. असा अर्थ लावणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 2005 साली पेरूच्या विरोधात निर्णय दिला. गर्भाला मेंदूची वाढच नव्हती, मूल जगणार नव्हतं, तरी एका अल्पवयीन मुलीला सरकारी रुग्णालयाने गर्भपात नाकारला. समितीने ती क्रूर, अमानुष वागणूक ठरवली. गंमत (?) म्हणजे आईच्या जिवाला वा आरोग्याला गंभीर धोका असल्यास तिथला कायदा परवानगी देत होता!

आधाराबद्दल शंभर टक्के सहमत. आर्थिक-सामाजिक हक्कांच्या 1966 च्या करारातलं कलम 10 बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विशेष संरक्षण आणि नोकरदार आईला पगारी किंवा पुरेशा सामाजिक सुरक्षेसह रजा द्यायला सांगतं. तो स्वतंत्र हक्क आहे, बंदीची भरपाई नव्हे.

बंदीने काय होतं ते रोमानियाने दाखवलंय. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपात जवळपास बंद केला. पुढच्या वर्षी जन्म दुपटीच्या आसपास गेले, मग पुन्हा घसरले. असुरक्षित गर्भपातांत बायका मरत राहिल्या आणि अनाथालयं भरली. डिसेंबर 1989 मध्ये त्याची सत्ता गेल्यावर नव्या सरकारने आधी ज्या गोष्टी रद्द केल्या, त्यांत हा हुकूमही होता.

तुम्ही सुचवलेला आधार गर्भपात कायदेशीर ठेवूनही देता येतो. मग त्यासाठी बंदीची अट कशाला?