घरचे ससे, घरची पिल्लं: तुमचे अनुभव सांगा

होळी झाली की परभणीत ऊन चढायला लागतं आणि मला आमची पांढरी मादी आठवते. तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी ती व्यायली. सात पिल्लं. पिंजरा पत्र्याखाली, बाहेर ४२ अंश. दोन दिवसांत चार पिल्लं गेली, तिसऱ्या दिवशी दुपारी माय गेली. हातात घेतलं तेव्हा तिचे कान तव्यासारखे तापले होते. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो, हे मला नंतर कळलं. चैत्र-वैशाखात पिल्लं घ्यायलाच नको होती. ही चूक माझीच.

उन्हाळा पुन्हा दारात आहे. ज्यांनी घरी ससे पाळलेत, पिल्लं वाढवलीत, त्यांनी इथं लिहा. हौसेचे असोत की विकायचे. काय चुकलं तेही मोकळेपणानं सांगा, कुणाच्या तरी घरची पिल्लं वाचतील.

गेवराईहून

लेकीच्या वाढदिवसाला दोन ससे आणले. विकणाऱ्यानं दोन्ही माद्या म्हणून दिले होते. लहान पिल्लू नर की मादी ते नवख्याला नीट ओळखू येत नाही, मग आम्हाला काय कळणार! चार-पाच महिन्यांनी एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पिंजलेल्या कापसासारखा केसांचा ढीग दिसला, आणि तो हलत होता. मादी पोटाचे नि गळ्याखालचे केस उपटून अंथरूण करते, ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पाच पिल्लं होती.

नराला वेगळं करायचं कुणालाच सुचलं नाही. एकतिसाव्या दिवशी आणखी सहा! पहिली पाच अजून मायच्या मागंमागंच होती. गाईसारखी सशाच्या मादीच्या माजाची वाट बघावी लागत नाही. नराशी संग झाल्यावर तिचं बीज सुटतं, आणि व्यायल्या दिवशीसुद्धा ती परत फळते. तिची अशी दशा झाली की पाठीचे मणके बोटानं मोजता यायचे. दुसऱ्या खेपेची दोनच जगली.

आता पिंजरे वेगळे आहेत. लावायचं असलं की मादीला नराच्या पिंजऱ्यात नेते, नराला तिच्याकडं नेत नाही. तिच्या जागेत कुणी घुसलेलं तिला खपत नाही, चावून काढते. काम झालं की लगेच परत. पिल्लं पाच-सहा आठवड्यांची होऊन वेगळी झाली आणि मादी अंगानं भरली, तरच पुढचं.

लातूरहून

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. आमच्याकडं अकरा ससे होते. माणसांनाच पाणी मोजून, तिथं सशांना कुठून द्यायचं, असं शेजारी तोंडावर म्हणायचे, आणि त्यांचं चूक नव्हतं. पण मोठ्या सशाला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागतं, पिल्लं पीत असतील तर त्याच्या दुपटीवर. ते आम्ही आमच्या वाट्यातलं काढलं. भांडी विसळलेलं पाणी गाळून गोणपाटावर मारायचं, आणि ते गोणपाट पिंजऱ्याच्या पश्चिमेला टांगायचे. घरातले दोन जुने माठ कापून पिंजऱ्यात ठेवले. दुपारी सगळे ससे त्या खापराला पोट लावून पडायचे. त्या उन्हाळ्यात दोन गेले, नऊ राहिले.

पण नर वांझ झाला असं वाटलं. मे-जूनमध्ये तीनदा मादी दाखवली, तीनदा रिकामी. विकून टाकायला निघालो होतो. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या भाच्यानं थांबवलं. ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं की नराचं बीज कमजोर पडतं, आणि हवा गार झाल्यावरही ते सुधारायला दीड-दोन महिने जातात, म्हणाला. पोळा झाल्यावर परत लावली. नवरात्रात सहा पिल्लं, सहाही जगली. तेव्हापासून आमच्याकडं पोळा ते संक्रांत एवढाच पिल्लांचा हंगाम.

नांदेडहून

माझी चूक मायेपोटी झाली. मादी व्यायली, पण पिल्लांजवळ फिरकेना. दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहायची. मला वाटलं, हिनं टाकली पिल्लं. ड्रॉपरनं गाईचं दूध पाजलं. दोन पिल्लांच्या नाकातून दूध आलं आणि संध्याकाळपर्यंत ती गेली.

त्या रात्री झोपच लागली नाही. पहाटे साडेचारला अंधारात जाऊन बसले. मादी खोक्यात उडी मारून पिल्लांवर नुसती उभी राहिली. पिल्लं खालून उताणी होऊन ओढायला लागली, बारीक चुटूचुटू आवाज येत होता. चार-पाच मिनिटं झाली नि ती बाहेर. दिवसाचं पाजणं तेवढंच असतं! वास लागून कुत्रं-मांजर पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून सशाची माय लांब राहते. ती आपल्या परीनं राखणच करत होती.

तेव्हापासून सकाळी एकदाच बघते. पिल्लाचं पोट गोल, टरटरीत असेल आणि पातळ कातडीतून दुधाचा पांढरा पट्टा दिसत असेल, तर ते प्यायलंय. कातडी सुरकुतलेली असेल तर उपाशी आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडतात, तोवर खोकं हलवायचं नाही.

हिंगोलीहून

नांदेडच्या ताईंना सांगायचं होतं, उपाशी राहिलेलं पिल्लू दुसऱ्या मादीला लावता येतं. म्हणून मी दोन माद्या एकाच दिवशी नराला दाखवते. मागं एकीला नऊ झाली, दुसरीला तीन. नवातली तीन उचलून, दुसरीच्या अंथरुणातले केस त्यांच्या अंगाला चोळून तिच्यात ठेवली. तिनं घेतली. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करायचं.

माजलगावहून

चाऱ्याचं लिहितो. पावसाळ्यात ओला लसूणघास भाऱ्यानं टाकला आणि एका रात्रीत चार पिल्लं पोट फुगून मेली. सशाला ओकता येत नाही, पोटात गेलेलं पुढंच सरकावं लागतं. आता चारा आदल्या दिवशी कापून सावलीत सुकवतो. वाळलेली हराळी कायम समोर असते, दातही तिनंच झिजतात, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात. सुबाभूळ थोडाच देतो, जास्त झाला की केस झडतात. पहाटे ससा आपल्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर हाकलू नका. तो त्याचा आहारच आहे.

धाराशिवहून

आम्ही विकण्यासाठी केले. पिल्लं हमीभावानं परत घेऊ म्हणणाऱ्या एकानं महागात जोड्या दिल्या, दोन खेपा उचलल्या आणि मग फोन बंद. साठ ससे, गिऱ्हाईक एक नाही. आधी गावात विचारा, कोण घेणार आहे ते. मग वाढवा.

अंबडहून

हरभरा काढताना भावाच्या पोराला सशाची दोन पिल्लं सापडली. अंगावर केस, डोळे उघडे, टुकूटुकू बघत होती. माय नाही म्हणून त्यानं टोपलीत घालून घरी आणली. घरच्या पांढऱ्या मादीत मिसळू, म्हणाला. आजी चिडली. रानातला ससा वेगळ्या जातीचा, दोघांची पैदास होत नाही. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आणि मायही अंधार पडल्यावरच पाजायला येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. दिवस मावळायच्या आत हरभऱ्याच्या त्याच ओळीत नेऊन ठेवली. सकाळी तिथं नव्हती. मायनं नेली असं आजी म्हणते.

पुन्हा परभणीहून

सगळ्यांचं वाचलं. नांदेडच्या ताईंचं दोनदा वाचलं. आजच गोणपाट बांधले, पिंजरा पत्र्याखालून लिंबाखाली आणला. मादी आता पोळ्यापर्यंत दाखवणार नाही. लातूरच्या काका, माठ आडवा कापायचा की उभा?

लातूरहून

उभा कापा आणि अर्धा पालथा घाला. बुडाला बोटभर भोक पाडा, आत वारा खेळला पाहिजे. कापलेली कड फरशीवर घासून बोथट करून घ्या, सशाच्या कानाला लागते.