रडारच्या खोलीत साधी पीव्हीसी केबल चालेल का?

माझगावला जहाज दुरुस्तीवर इलेक्ट्रिशियन आहे. ब्रिजमागच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीमागच्या, रडार आणि जायरोच्या (दिशा दाखवणाऱ्या होकायंत्राच्या) खोलीत नवी केबल ओढायचीय. कंत्राटदाराने लोहार चाळीतून पीव्हीसी आणलीय. म्हणतो, ‘एफआर लिहिलंय ना, मग झालं!’ मला पटत नाही.

उत्तर १:
अजिबात ओढू नका. एफआर म्हणजे आग सहज पसरत नाही, एवढंच. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, दमट हवेत त्याचं आम्ल होतं. आम्ही असाच एक कप्पा उघडला होता. जळलेली केबल वीतभर, पण सहा फुटांवरच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट कार्डांचं तांबं हिरवं पडलेलं. सगळी कार्डं बाद. आणि माणसाच्या छातीत तोच धूर जातो, हे विसरू नका. कमी धुराची, हॅलोजनविरहित मरीन केबलच घ्या. केबलच्या चाचणी-दाखल्यावर आयईसीची (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकं) ही नावं बघा: ६०३३२-३ (आग पसरणं), ६०७५४ (हॅलोजन आणि आम्लवायू), ६१०३४ (धूर).

उत्तर २:
बल्कहेडमधली, म्हणजे जहाजाच्या आडभिंतीतली, केबलची भोकंही बघा. ए-६० भिंतीने आग ६० मिनिटं अडवायची असते, अन् लोक तिथे साधा फोम भरतात! मंजूर सीलच हवं.

प्रश्नकर्ता:
दादा, आभार. दाखला मागितला, तो मिळाला नाही. ड्रम गेटवरच ठेवलाय. फोम उद्या स्वतः उकरतो.